मदत हवी आहे: कुड्याच्या काढ्यात गुण नाही, की तो आगारमध्ये (जीवाणू वाढवायच्या जेलीत) पसरतच नाही?

नमस्कार. मी यावल तालुक्यातली असून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जुलाब लागले की कुड्याच्या सालीचा काढा देतात, आणि आजीच्या घरी डाळिंबाची सालही त्यासाठीच वाळवून ठेवलेली असते. उन्हाळ्यातल्या लग्नांत वरण-बट्टीचा स्वयंपाक सकाळीच उरकतो आणि मोठ्या पातेल्यातले वरण दुपारभर कोमट राहते. अशा अन्नात वाढणारे जीवाणू या सालींनी रोखले जातात का, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. बॅसिलस सेरियस, स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय आणि साल्मोनेला हे चार जीवाणू मी घेतले आहेत.

दोन्ही साली सावलीत वाळवून त्यांचे पाण्यातले आणि इथेनॉलमधले अर्क केले. जीवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफरलंडइतके (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाइतके) गढूळ करून म्युलर-हिंटन आगारवर पसरले आणि आगारात खळगे पाडून त्यांत अर्क घालून चाचणी घेतली; जीवाणू रोखले गेले तर खळग्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. इथेनॉलच्या अर्काभोवती स्टॅफिलोकोकस व बॅसिलसच्या प्लेटवर स्वच्छ वर्तुळे उमटली, तर तुलनेसाठी घातलेल्या नुसत्या डीएमएसओ या द्रावकाभोवती काहीच नव्हते. ई. कोलाय आणि साल्मोनेला ग्रॅम-ऋण गटातले, म्हणजे पेशीभोवती जादा बाह्य पटल असलेले, असल्याने त्या पटलामुळे ते दाद देत नसावेत, एवढे समजते. परंतु पाण्यातल्या अर्काने, म्हणजे लोक प्रत्यक्षात पितात त्या काढ्याने, चारही प्लेटवर वर्तुळ उमटले नाही, आणि माझे घोडे इथेच अडले आहे. टॅनिनचे (सालीतल्या तुरट द्रव्याचे) मोठे रेणू आगारमधून फार सावकाश सरकतात. त्यामुळे वर्तुळ नाही म्हणून गुणही नाही, असे लिहून टाकणे मला घाईचे वाटते.

म्हणून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एमआयसी (जीवाणूंची वाढ रोखणारे अर्काचे किमान प्रमाण) काढायला घेतली, तर अर्काच्या गडद तपकिरी रंगामुळे गढूळपणाच दिसेना. म्हणून रेझाझुरिन (जिवंत जीवाणूंमुळे निळ्याचा गुलाबी होणारा रंग) घातले, तेव्हा जीवाणू न सोडलेल्या, केवळ माध्यम व अर्क असलेल्या खळग्यांतही निळा रंग गुलाबी झाला. अर्कातली फिनॉलिक द्रव्येच त्या रंगाचे क्षपण (रिडक्शन) करत असावीत. आता प्रत्येक खळग्यातले १० मायक्रोलिटर न्यूट्रिएंट आगारवर टाकून वसाहती मोजाव्यात आणि सुरुवातीच्या संख्येपेक्षा वाढ झाली नसेल तर जीवाणू रोखले गेले असे धरावे, असा विचार आहे. परीक्षक हे एमआयसी म्हणून स्वीकारतील का, की त्याला वेगळे नाव द्यावे लागेल?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टॅनिन प्रथिनांना चिकटते आणि तुरीच्या डाळीत प्रथिने भरपूर, त्यामुळे माध्यमात पुरेसे ठरलेले प्रमाण वरणात अपुरे पडेल, अशी शंका आहे. निर्जंतुक केलेल्या वरणात जीवाणू व अर्क सोडून ठरावीक तासांनी मोजणी केल्यास ती ग्राह्य धरली जाईल का? शिवाय स्टॅफिलोकोकसचे विष आणि बॅसिलसचे उलटी आणणारे विष उकळूनही टिकते, तेव्हा जीवाणू मेले तरी बिघडलेले अन्न खाण्याजोगे होत नाही, हे प्रबंधात ठळकपणे लिहिणार आहे. गावात याचा उलटा अर्थ लावला जाऊ नये.

असे गडद अर्क कुणी हाताळले असतील, तर त्यांनी रंगाची अडचण कशी सोडवली ते कृपया सविस्तर सांगावे. अर्क फ्रीजमध्ये ठेवले आहेत आणि पुढची प्लेट सोमवारी लावायची आहे.