मुर्डीत श्री. ना. पेंडसे यांचं स्मारक: अर्धपुतळा की फलक?

गिरगावकर_वाचक:
मुंबईतल्या आमच्या वाचकगटाच्या मनात श्रीनांच्या गावी, मुर्डीत (ता. दापोली), स्मारक करायचं आहे. निम्म्यांना अर्धपुतळा हवाय, निम्म्यांना फलक. खाजगी आवारात गडग्यालगत (दगडी कुंपणालगत) जागा मिळेल. काय झेपेल आणि पावसात काय टिकेल?

ठराव_आणि_टिपण:
पुतळा म्हटलात की प्रकरण लांबलं. २०१७च्या शासकीय धोरणाप्रमाणे ग्रामपंचायतीचा ठराव, पोलिसांचं ना-हरकत, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता (ते जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातच आहे, मुंबईकरांना तेवढीच सोय) आणि वर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. रस्त्याकडेची जागा कोणी सुचवली तर घेऊ नका, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३मध्येच तिथे नवे पुतळे उभारू द्यायला मनाई केली आहे. खाजगी आवारातल्या फलकाला मालकाची लेखी संमती घ्या, ग्रामपंचायतीला पत्र द्या. फलकच करा.

काळा_पत्थर:
गडगा नुसते दगड रचून केलेला असतो, त्यावर दगड टांगायचं डोक्यातून काढा. पाया घेऊन काँक्रीटची वेगळी भिंत बांधा. काळा ग्रॅनाइट, ३० मिमी जाड. २ × ३ फुटांचा तुकडा ४५ किलोच्या घरात जातो, नुसत्या चिकटवण्यावर सोडू नका. मागून चार पिना, त्याही ३१६ ग्रेड स्टेनलेसच्या. खाऱ्या हवेत ३०४वर डाग पडतात. साध्या लोखंडाचं तर विचारूच नका: गंजून फुगतं आणि दगडाचा कोपरा उडवतं. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४मध्ये पडला, त्यातही गंजाचा मुद्दा निघालाच होता. दगडामागे १० मिमी फट ठेवा, नाहीतर ओल कोंडून शेवाळ धरतं.

गिरगावकर_वाचक:
फलकावर पक्कं. खाली कादंबरीतला एक उतारा कोरावा म्हणतोय.

मुद्रितशोधक:
वारसांची लेखी परवानगी आधी. लेखक २००७मध्ये गेले. स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०६७ संपेपर्यंत. खरं तर नाव, १९१३–२००७ आणि एक ओळ पुरे. उताऱ्याने अक्षर बारीक होतं. दोन-तीन मीटरवरून वाचायचं तर २५ मिमीच्या खाली जाऊ नका. कोरणाऱ्याला टाइप केलेली फाइल देऊ नका. त्याच्या मशीनवर जुना फाँट असला की रफार आणि जोडाक्षरं फुटतात. अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्या, मूळ मापाची छापील प्रत मागवा आणि मजकूर न लिहिलेल्या दोघांकडून वाचून घ्या. ‘स्मृति’मधली वेलांटी तिथेच तपासा.