मदत हवी आहे: वाईतल्या वाड्याचा 1848 पूर्वीचा मालक कसा शोधावा?

वाईत आमचा दोन चौकी वाडा आहे. मिळकत पत्रिका काढली, त्यात सर्वांत जुनं नाव पणजोबांचं. घरात एक मोडी खरेदीखत आहे, शके 1768 चं, म्हणजे 1846-47. जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतलं, पण विकणाऱ्याच्या नावाचीच घडी वाळवीने खाल्ली आहे. दुय्यम निबंधकांकडे इतका जुना दस्त नाही.

वाड्याची ठेवण बघता दोन्ही चौक एका काळातले वाटत नाहीत. पुढच्या चौकाला घडीव दगडाचं जोतं, नक्षीचे सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब, वर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. मागचे खांब साधे चौकोनी, छपराला मंगळुरी कौलं. ती कौलं 1860 नंतरचीच, पण छप्पर मागाहूनही बदललेलं असू शकतं, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही.

वाद किंवा विक्री काही नाही. मागचा भाग पाडायचं घरात चाललंय; त्याआधी तो खरेदीच्या वेळी होता की नाही हे मला कळायलाच हवं. खरेदीखतात चतुःसीमा आहे, खणांची (दोन खांबांमधल्या गाळ्यांची) संख्या नाही.

खरेदी झाली तेव्हा वाई सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होती; ते 1848 मध्ये खालसा झालं. मग त्या काळच्या कसब्यातल्या घरांच्या नोंदी पुणे पुरालेखागारात शोधायच्या की साताऱ्याला? आणि अर्जात नेमकं कोणतं दप्तर मागायचं?