शब्दचर्चा: 'व्यसनी बाळ' नको, मग काय म्हणावं?

मूळ प्रश्न

अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींच्या बालसंरक्षण कायद्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. आईच्या पोटात असतानाच दारू, अफूजन्य औषधं यांच्याशी संबंध आलेल्या बाळांचं काय करायचं, हा त्याचा विषय. दोन ठिकाणी अडले. बाळाला काय म्हणू? आणि 'निग्लेक्ट'ला दुर्लक्ष, हेळसांड की आबाळ? पहिल्या खर्ड्यात 'व्यसनी बाळ' लिहिलं होतं, ते मलाच वाचवेना.

प्रतिसाद १

खोडलंत ते बरं केलंत, ताई. व्यसन जडतं ते ओढीने. माणूस त्या वस्तूच्या मागे जातो. तान्हं बाळ कशाच्या मागे जाणार? नाळेतून येणारं द्रव्य जन्मताच बंद होतं, म्हणून काही बाळं थरथरतात, किंचाळून रडतात, धड दूध पीत नाहीत. ही शरीराला पडलेली सवय आहे, व्यसन नव्हे. गिरण्यांच्या काळात मुंबईत कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत. पण त्या बाळांना 'अफूबाज' म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. मी 'गर्भातच नशेची झळ लागलेलं बाळ' म्हणेन. झळ ज्याला लागते त्याने जाळ पेटवलेला नसतो.

प्रतिसाद २

'झळ' लेखात शोभेल, कलमात नको. झळ म्हटलं की इजा झालीच असं ठरतं आणि प्रत्येक बाळाला ती होतेच असं नाही. कलमाच्या भाषांतरात 'गर्भावस्थेत पदार्थांचा संपर्क आलेले बालक' हेच रुक्ष पण खरं. 'अमली पदार्थ'ही टाळा. मुलांचा छळ रोखण्यासाठीच्या तिथल्या केंद्रीय कायद्यात 2010 साली गर्भातल्या दारूच्या परिणामांचा समावेश झाला आणि 2016 साली पदार्थांमागचा 'बेकायदा' हा शब्दच काढला. म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने बाळाला त्रास झाला, तरी रुग्णालयाने कळवायचं असतं. 'अमली' लिहिलंत तर औषध घेणारी आई वाचकाच्या मनात गुन्हेगार होऊन बसेल.

आणि त्या कळवण्याला 'तक्रार' किंवा 'वर्दी' म्हणू नका, 'सूचना' म्हणा. अशी सूचना म्हणजे छळाची किंवा निग्लेक्टची व्याख्या नव्हे आणि तिच्यामुळे खटला भरलाच पाहिजे असंही नाही, हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

प्रतिसाद ३

माझं मत आबाळीला. आबाळ होते; हेळसांड कोणीतरी करतं. 'हेळसांड' लिहिताक्षणी आईकडे बोट जातं. इथे ते महत्त्वाचं आहे, कारण 1978 च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्टमागे (मूलनिवासी मुलं घरापासून तोडली जाऊ नयेत म्हणून केलेला अमेरिकेचा केंद्रीय कायदा; 'इंडियन' म्हणजे तिथले मूलनिवासी) मोठी जखम आहे: त्याआधीच्या पाहण्यांत मूलनिवासी मुलांपैकी 25 ते 35 टक्के मुलं घरापासून तोडलेली आढळली होती. त्या कायद्याखालच्या 2016 च्या नियमांनुसार गरिबी, अपुरं घर किंवा नशा एवढ्यावरून मूल काढून घेता येत नाही. मुलाला होणाऱ्या गंभीर हानीशी तिचा कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. मात्र एखाद्या जमातीच्या स्वतःच्या संहितेत आईवर ठपका ठेवला असेल, तर तिथे 'हेळसांड' लिहिणंच प्रामाणिक. प्रत्येक जमातीची संहिता वेगळी, तेव्हा कलम बघून ठरवा.

प्रतिसाद ४

'आदिवासी कायदा' असं कुठेही लिहू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ सरकारने आदिवासींसाठी केलेला कायदा असा होतो. पेसा म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा; त्यामुळे ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवता येतं, पण मुलाच्या ताब्याचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समितीच घेते. अमेरिकेत अनेक जमातींचं स्वतःचं न्यायालय असतं आणि राखीव क्षेत्रात राहणाऱ्या मुलाचा ताबा सहसा तेच ठरवतं. म्हणून 'जमातीचा कायदा', 'जमातीचं न्यायालय'.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लेखात 'झळ', कलमांत 'संपर्क', 'निग्लेक्ट'ला कलमागणिक निर्णय. त्या 1978 च्या कायद्यातलं 'अ‍ॅक्टिव्ह एफर्ट्स' मात्र अजून अडलंय. 'सक्रिय प्रयत्न' सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. मूळ अपेक्षा अशी की उपचारकेंद्रांची यादी आईच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही, तिला तिथपर्यंत पोचवायचं, कुटुंब मोडू द्यायचं नाही. मिनेसोटातल्या व्हाइट अर्थ जमातीने गरोदर बायांसाठी उपचार सुरू केले, ते आई आणि बाळ एकत्र राहावं म्हणूनच. सध्या मी 'हात धरून केलेले प्रयत्न' लिहिलंय. यापेक्षा नेमकं काही सुचतंय का?