क्रेटाच्या पैशात जुनी बीएमडब्ल्यू ५३०डी? आधी खालून बघा

खडखडाट:
परवाच्या त्या पोस्टमध्ये उपदेश होता: "क्रेटाच्या पैशात ५३०डी एम स्पोर्ट घ्या, स्टेज १ मारा, १४ लाखांत राजा व्हा. मेन्टेनन्सचा बाऊ करू नका." (स्टेज १ म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, त्यालाच रिमॅप, मॅप किंवा ट्यून म्हणतात.) खाली बदामांचा पाऊस. म्हणून हा धागा.

गाडी १४ लाखांना मिळते, पण सुटे भाग आणि मजुरी पन्नास-साठ लाखांच्या गाडीचीच लागते. एफ१०मधल्या, म्हणजे या पिढीच्या ५३०डीमधल्या, एन५७ इंजिनाची टायमिंग चेन (झडपांची वेळ साधणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि तिला जागेवर धरणारे गाइड प्लास्टिकचे. ते झिजले की थंड इंजिनावर १५०० ते २००० आरपीएमच्या आसपास फायरवॉलकडून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) साखळी ओढल्यासारखा आवाज येतो. मग निदान गिअरबॉक्स तरी उतरवावाच लागतो. म्हणून रात्रभर उभी असलेली गाडी स्वतः स्टार्ट करा. विकणाऱ्याने "तुमच्यासाठी गरम करून ठेवली" म्हटलं तर चहा घेऊन परत या.

क्रँक पुलीच्या (इंजिनचा बेल्ट फिरवणाऱ्या चाकाच्या) रबरावर टॉर्च मारा. भेगा दिसल्या तर पुली गेली, आणि ती सुटली की बेल्टही जातो. तिचे बोल्ट ताणले जाणारे असतात, पुन्हा वापरायचे नाहीत. कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) आतून गळतोय. ग्लायकॉल आणि काजळीचं डांबर होतं आणि ते पेटू शकतं. २०१८मध्ये दक्षिण कोरियात याच कारणाने गाड्या जळाल्या, मग रिकॉल निघाले. चॅसिस नंबर देऊन अधिकृत ठिकाणी विचारा. मीटरवरच्या किलोमीटरवर जाऊ नका. इस्टा (बीएमडब्ल्यूचं तपासणी सॉफ्टवेअर) लावून क्लस्टर म्हणजे मीटर आणि सीएएस म्हणजे चावी-स्टार्टचं कंट्रोल युनिट, दोन्हीकडचे आकडे ताडून बघा.

हे सगळं झाल्यावर रिमॅपचं बोला.

डिझेलदास:
पुन्हा तेच चेन-पुराण. बदनाम झाला चार सिलिंडरचा एन४७, आणि शिक्षा सहा सिलिंडरच्या एन५७ला. सर्व्हिस इंडिकेटरच्या भरवशावर ऑइल ताणलं तर चेनच काय, टर्बोही जाईल. दर १०,००० किमीला बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ मान्यतेचं ५डब्ल्यू-३० ऑइल, साडेसहा-सात लिटर, फिल्टरबरोबर झाकणाची ओ-रिंग नवी. संपलं.

आणि स्टेज १ला एवढं घाबरायचं कशाला? कंपनीतून २५८ घोडे, ५६० एनएम टॉर्क. आठ गिअरचा झेडएफ ८एचपी७० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ७०० एनएमसाठी बनवलेला आहे. ६४०वर ट्यून केली तरी हातात ६० शिल्लक.

खडखडाट:
१०,०००चं मान्य. त्याचं खरं कारणही लिहा की. महानगरं सोडून देशाच्या बऱ्याच भागात २०१७पर्यंत बीएस-३ (जुन्या प्रदूषण-मानकाचं) डिझेल होतं, ३५० पीपीएम गंधकाचं. ऑइलमधला क्षार त्या गंधकाच्या आम्लाशी झुंजण्यातच संपायचा. २०१४ची गाडी जिल्ह्याच्या गावी चालली असेल आणि ऑइल २५,०००ला बदललं असेल, तर आता तुम्ही १०,०००ला बदलून गाइड परत वाढणार नाहीत.

राहिले तुमचे ६० एनएम. क्लच पॅकवर (गिअर पकडणाऱ्या चकत्यांवर) किती प्रेशर द्यायचं हे गिअरबॉक्स इंजिनने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. स्वस्त मॅपवाले टॉर्क वाढवतात पण कळवायचा आकडा जुनाच ठेवतात. प्रेशर ५६०चं, ओझं ६४०चं. क्लच घसरतात, तेल करपतं. त्यात ते तेल बदललेलंच नसतं, कारण "लाइफटाइम" आहे!

शोरूमकर:
लाइफटाइम आहे म्हणजे आहे. कंपनीचे इंजिनिअर वेडे आहेत का? माझ्या मेहुण्याने १,४०,०००ला गिअरबॉक्स ऑइल बदललं आणि महिन्यात गिअरबॉक्स गेला. चांगल्या चाललेल्या गोष्टीला बोट लावू नये.

पाना_तेरा:
मेहुणा हा पुरावा नाही हो. लाइफटाइम म्हणजे कोणाचं आयुष्य? गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षं सांगते.

गिअरबॉक्स मरतात ते बदलणाऱ्याच्या हाताने. क्रम असा: आधी भरायचा प्लग सैल होतो का बघा, मगच ड्रेन उघडा. उलटं केलंत आणि भरायचा प्लग गोल झाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. पॅन प्लास्टिकचा आहे, फिल्टर त्यातच, म्हणजे अख्खा पॅन नवा. बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क रेंचने. एअरगन लावली की पॅन चिरतो. पाच-सहा लिटरच निघतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. प्लगमधून बाहेर येईपर्यंत लाइफगार्ड ८ (झेडएफचं गिअरबॉक्स तेल) भरा, इंजिन सुरू करा, आणखी भरा, ब्रेक दाबून आर-एन-डी फिरवा. तेल ३० ते ५० अंशांत असताना, इंजिन चालू ठेवून, धारेचे थेंब झाले की प्लग लावा. गाडी सपाट हवी. पुढून जॅकवर तिरकी ठेवून केलेली लेव्हल चुकीचीच असते. मेहुण्याच्या गाडीचं असंच झालं असणार.

शोरूमकर:
घरच्यांवर जाऊ नका.

डिझेलदास:
पान्याशी सहमत, पण मग मशीनने फ्लश का नको? जुनं तेल सगळंच निघेल की.

पाना_तेरा:
कारण मशीन तळाशी बसलेला कचराही उठवतं आणि तो व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचं प्रेशर वाटणाऱ्या भागात) जातो. दोनदा पॅन-ड्रेन करा, मधे हजारभर किमी. आणि शोरूमकर, एक गोष्ट तुमच्या बाजूची: क्लच आधीच घसरत असतील तर नवं तेल त्यांना बरं करत नाही. उलट जुन्या तेलातल्या क्लचच्या भुकटीवर गिअर पकडत असेल, तर ती पकडही जाते. तेव्हा गुन्हेगार तेल नाही, आधीचे १,४०,००० किमी.

शोरूमकर:
म्हणजे बदलल्यावरच गेला ना? आभारी आहे.

दिल्लीत्रस्त:
तुमचं ऑइल चालू द्या. १४ लाखांच्या या बऱ्याच गाड्या दिल्लीहून येतात हे कोणी बोलेल का? २०१५च्या एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर टांगती तलवार आली, म्हणून स्वस्तात इकडे ढकलतात. एनओसी आणा, आरटीओत खेटे घाला, वर महाराष्ट्राचा डिझेल कर. २० लाखांवरच्या गाडीला १५ टक्क्यांचा स्लॅब, हिशोब मूळ किमतीवरून, वयाची सूट वजा जाता. जाहिरातीत याचा एक शब्द नसतो.

डिझेलदास:
मुद्दा ट्यूनिंगचा आहे, आरटीओचा नाही.

दिल्लीत्रस्त:
ट्यूनिंगही आरटीओचाच मुद्दा आहे, साहेब. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ वाचा. विमा कंपनीला न कळवता मॅप टाकलात आणि अपघात झाला तर सर्व्हेअरला आयतं कारण मिळतं.

खडखडाट:
बरं, डिझेलदास, चेनचं निम्मं मागे घेतो. ऑइलचा कागदी इतिहास असेल तर एन५७ घ्या. पण मॅपआधी गिअरबॉक्सचे दोन ड्रेन, क्रँक पुली, ईजीआर कूलर. आणि बॅटरी बदलली असेल तर ती गाडीत रजिस्टर केलीय का बघा. नाहीतर चार्जिंग जुन्याच बॅटरीच्या हिशोबाने चालू राहतं आणि नवी एजीएम बॅटरी दोन वर्षांत बसते.

डिझेलदास:
उपकार झाले. मॅप कधी, तेही सांगून टाका.

पाना_तेरा:
दुसऱ्या ड्रेननंतर. पॅनमध्ये चुंबकावर बारीक राखाडी मळी असेल तर ठीक. चमचमणारे कण दिसले तर मॅपचे पैसे गिअरबॉक्ससाठी बाजूला ठेवा.