ओटीजीत कॅल्सेडनी तडकते, काय चुकतंय?

गारगोटी: दगडी पाती घडवताना कपच्या सहज निघाव्यात म्हणून नदीतले कॅल्सेडनीचे (अकीकाच्या जातीचा गारेचा दगड) मुठीएवढे गोटे ओटीजीत थेट २३० अंशांवर तीन तास ठेवले. दोन तडकले, एकाच्या अंगावरून नाण्यासारख्या गोल टिकल्या उडाल्या. उरलेला अजून चिवटच, कपची निम्म्यात अडते. तापमान वाढवू का?

मंदआच: तापमानाचं नंतर बघू, आधी पाणी काढा. टिकल्या उडतात त्या आतल्या पाण्याची एकदम वाफ होते म्हणून. तडे जातात कारण बाहेरचा थर तापतो आणि गाभा गारच राहतो. अख्खा गोटा कधीच तापवू नका. फोडून, साल काढून २-३ सेंमी जाडीचे तुकडे करा. स्टीलच्या डब्यात ५ सेंमी कोरडी वाळू, त्यावर एकमेकांना न टेकणारे तुकडे, वर पुन्हा वाळू. झाकण सैल. १०० ते ११० अंशांवर २४ तास; सलग जमत नसेल तर रोज ८ तास, तीन दिवस. मग तासाला २५ अंश चढवत २३० पर्यंत जा आणि तिथे ४-५ तास थांबा. ओटीजीच्या खटक्यावरच्या आकड्यावर भरवसा नको, आत ओव्हन थर्मामीटर ठेवा. बंद केल्यावर दार उघडायचं नाही. बरेच दगड तापताना नाही, तर निवताना घाई केल्याने जातात.

अकीक: प्रत्येक दगडाची एक कच्ची कपची बाजूला ठेवा, तुलनेला लागते. पिवळट दगड लाल झाला म्हणजे त्यातलं लोह बदललं. पांढऱ्यात हे दिसणार नाही. खरी खूण नव्या घावात: आतला भाग तेलाचं बोट फिरवल्यासारखा चकाकतो, जुना पृष्ठभाग मंदच राहतो. चकाकी नसेल तर पुढच्या खेपेला २५ अंश वाढवा. २५० च्या वर ओटीजी पुरत नाही, कंट्रोलरवाली विजेची भट्टी लागते. ३५० च्या पुढे मात्र दगड ठिसूळ होतो, पात्याचं टोक हातातच तुटतं. गुजरातेतल्या खंभातचे कारागीरसुद्धा रतनपूरचा अकीक आधी उन्हात वाळवतात, मगच मडक्यात घालून मंद आगीवर ठेवतात.

मंदआच: आणि काळा बेसाल्ट तापवत बसू नका, काही फरक पडत नाही. कपच्या काढताना एन-९५ मास्क हवाच. खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस (फुप्फुसांचा आजार) होतो तो याच धुळीने.

गारगोटी: वाळू नदीचीच चालेल?

मंदआच: चालेल. चाळून, धुऊन, कढईत भाजून घ्या. वर धरलेल्या गार ताटलीवर दव धरायचं थांबलं की कोरडी झाली.