जर्मन ए१ची तयारी: फोनवर भागतं का?

शब्दवेडा: ए१ म्हणजे जर्मनची पहिली पायरी, तिची परीक्षा. माझं मत, फोनवर भागतं. निदान शब्दसंग्रह आणि लिंगं तरी. अँकी या शब्दकार्डांच्या अ‍ॅपमध्ये कार्ड नीट बनवा: समोर चित्र, मागे आर्टिकल (नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा शब्द), शब्द, अनेकवचन आणि उच्चार. पुल्लिंगी डेअर निळा, स्त्रीलिंगी डी लाल, नपुंसकलिंगी डास हिरवा. मराठीतही तीन लिंगं आहेत म्हणून सोपं जाईल, हा भ्रम. सूर्य आपल्याकडे 'तो', तिकडे झोन 'डी'. मुलगी 'ती', तर मेडशेन चक्क 'डास' (चावतोच तो). त्यामुळे आर्टिकलशिवाय शब्द पाठ करूच नका. क्लास आठवड्यातून एकदा पुरे.

वहीपेन: आणि लेखनाचं काय? परीक्षेत २० मिनिटांत एक फॉर्म भरायचा, साधारण ३० शब्दांचा निरोप लिहायचा. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं (कॅपिटल) लागतं. फोनवर ते कीबोर्डच करून देतो, उमलाउट, म्हणजे स्वरावरचे ठिपके, तेही तोच टाकतो. कागदावर परीक्षा असली की नामं छोट्या अक्षरात आणि उमलाउटचे दोन ठिपके गायब.

शब्दवेडा: मग जीबोर्डमध्ये (गुगलचा कीबोर्ड) जर्मन भाषा घ्या आणि सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटो-करेक्शन आणि सुचवण्यांची पट्टी दोन्ही बंद करा. उमलाउटसाठी ए, ओ किंवा यू दाबून धरायचा.

वहीपेन: बंद करणारे किती? शिवाय अँकी रोज २० नवी कार्डं देतं. उत्साहात तेवढीच ठेवली की महिन्याभरात रोजची उजळणी दीडशेच्या पुढे जाते. दोन दिवस चुकले की ढीग बघूनच लोक अ‍ॅप उघडत नाहीत. ८-१०च ठेवा.

कानसेन: दोघांनीही ऐकणं सोडलंत. फोनवर वाक्य हवं तितकं परत ऐकता येतं, पण परीक्षेत दुसऱ्या भागातल्या घोषणा एकदाच वाजतात. सरावाला तोच नियम लावा. उच्चाराला मात्र फोनच्या डिक्टेशनचा (बोललेलं टाइप करण्याच्या सोयीचा) उपयोग आहे: 'शोन' (आधीच) आणि 'श्योन' (सुंदर) आलटून पालटून बोला, काय उमटतं ते बघा. अख्खं वाक्य बोलू नका, संदर्भावरून फोन तुमची चूक झाकतो.

वहीपेन: एकट्या शब्दातही तो अंदाजच मारतो. 'श्योन' म्हणजे जीभ 'ए'ची आणि ओठ 'ओ'चे. ओठ गोल झालेत का, ते आरशात दिसतं, फोनला दिसत नाही. 'त्साइट'मधला त्स मात्र मराठी माणसाला फुकट, चाकातला च.

शब्दवेडा: आरसा मान्य. पण बोलण्याच्या परीक्षेत चिठ्ठी उचलून दुसऱ्या उमेदवाराला प्रश्न विचारायचा असतो, त्याचीही सोय आहे. तीन-चार जणांचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल, आठवड्यातून दोनदा. जेवण, प्रवास, घर अशा विषयांच्या चिठ्ठ्या आधीच करून ठेवा आणि उत्तर पूर्ण वाक्यातच द्या.

वहीपेन: आणि चुका कोण काढणार?

शब्दवेडा: एखादा बी१ (ए१च्या दोन पायऱ्या वरची पातळी) झालेला कॉलवर घ्यायचा.

वहीपेन: अहो, मग तो क्लासच झाला की!