दोन महिन्यांत एसी परत गरम

ग्रुप: पार्किंग व वाहने (फक्त कामाचे मेसेज)
रविवार

प्रसाद बी-२०३: मार्चमध्ये १४०० रुपये मोजून गाडीच्या एसीचा गॅस भरला. आज परत गरम वारा. गेल्या वर्षीही हेच झालं. पुढच्या शनिवारी मुंजीला नागपूरला जायचंय, आई सोबत. ‘टॉपअप मारून देतो’ याशिवाय दुसरं काही बोलणारा माणूस आहे का कुणाच्या ओळखीत?

मंदार ए-४०२: टॉपअप म्हणजे मोबाइलचा प्लॅन झाला. वैधता ६० दिवस 😄

रफिक सी-१०२: प्रसादभाऊ, चालत्या गाडीत थंड अन् सिग्नलला गरम, की सरसकट गरम?

प्रसाद बी-२०३: आता सरसकट. बटण दाबलं की बॉनेटमधून टक्… टक्… पाच-सहा सेकंद लागतो, सुटतो, परत लागतो.

रफिक सी-१०२: म्हणजे फ्यूज, रिले, अन् कंप्रेसरला (गॅस दाबणाऱ्या पंपाला) इंजिनाशी जोडणाऱ्या क्लचची कॉइल ठीक. गॅस कमी आहे. नुसतं सिग्नललाच गरम झालं असतं तर आधी पुढचा फॅन बघितला असता.

जोशी सर ए-१०४: रफिकचं बरोबर आहे, फक्त पूर्ण सांगतो. एसी लावला की कंडेन्सरचा (पुढे असतो, गरम गॅस गार करतो) फॅन फिरलाच पाहिजे. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजतात. लाकडी दांड्याने मोटरला हलकं ठोकल्यावर फॅन सुरू झाला, तर मोटर गेली समजावं. आता मूळ मुद्दा. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो जळत नाही, संपत नाही. कमी झाला म्हणजे गळला. आधी गळती, मग गॅस.

तेजश्री सी-३०१: सर, थोडा झिरपतोच. रबरी होस आणि कंप्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाला थोडासा जातो. पण दोन महिन्यांत सिस्टम रिकामी होते म्हणजे गळती ठळक आहे, डोळ्यांना दिसायला हवी.

जोशी सर ए-१०४: मी तेच म्हटलं. शब्द तुझे.

देशमुख (सेक्रेटरी): सूचना: काल सायं. ५.१० ते ५.५० बी विंगखाली एका सभासदाचे इंजिन चालू होते. पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नये. वाहनातून पाणी अथवा कोणताही द्रव सांडू नये. सहकार्य अपेक्षित 🙏

वैशाली काकू बी-१०३: ‘एका सभासदाचे’ कशाला, नाव घ्या की. सगळा धूर माझ्या स्वयंपाकघरात आला. आणि खांबाजवळ ते डबकं, त्यावरून वॉचमन घसरता घसरता राहिला.

प्रसाद बी-२०३: काकू, सॉरी. एसी तपासायला इंजिन लावावंच लागतं. पुढच्या वेळी गेटबाहेर लावतो.

तेजश्री सी-३०१: काकू, डबकं एसीचं असेल. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ जमते, तेच पाणी ड्रेन पाइपमधून खाली पडतं. चांगलं लक्षण आहे उलट. पाइप तुंबला तर तेच पाणी आत, डाव्या सीटच्या पायाशी येतं आणि मॅटला कुबट वास मारतो.

वैशाली काकू बी-१०३: याचा एसी थंडच होत नाही म्हणता ना? मग पाणी कुठून आलं?

मंदार ए-४०२: काकू रॉक्स

मंदार ए-४०२: बाय द वे प्रसाद, ऑनलाइन ४५० ग्रॅमचा कॅन मिळतो, पाइपसकट. उलटा धरून भर, दहा मिनिटांत काम. व्हिडिओ टाकू?

रफिक सी-१०२: नको टाकू.

तेजश्री सी-३०१: कॅन उलटा धरला की वाफेऐवजी द्रव येतं. कंप्रेसर वाफ दाबू शकतो, द्रव नाही. चालू इंजिनवर निळ्या (कमी दाबाच्या) बाजूने द्रव गेलं तर आतल्या व्हॉल्व्हच्या पात्या मोडतात. आणि इंजिन चालू असताना गेजचा लाल (जास्त दाबाचा) नॉब चुकूनही उघडायचा नाही. त्या बाजूचा दोन-अडीचशे पीएसआय दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन हातात फुटतो.

रफिक सी-१०२: अन् ‘लीक बंद करणारं’ औषध घातलेला कॅन असतो, तो तर बिलकूल नको. ते औषध एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी बारीक छिद्र असतं त्यात) बसतं. नंतर कोणी मशीन लावायला तयार होत नाही.

जोशी सर ए-१०४: आर-१२ चे (जुन्या सीएफसी गॅसचे) दिवस वेगळे होते. मिनरल ऑइल, आट्यांचे पोर्ट. ओझोन वाचवायला १९८७ चा माँट्रियल करार झाला, पुढे २००८ मध्ये आपल्याकडे सीएफसीचं उत्पादन थांबलं. जुन्या सिस्टममध्ये नुसता १३४ए (त्यानंतरचा गॅस) ढकलला तर मिनरल ऑइल त्यात मिसळत नाही, कंप्रेसर कोरडा पडून जाम…

प्रसाद बी-२०३: सर, गाडी २००९ ची आहे. स्टिकरवर आर-१३४ए, ४५० ग्रॅम लिहिलंय.

जोशी सर ए-१०४: माहितीसाठी सांगितलं. आधी गळती, मग गॅस.

देशमुख (सेक्रेटरी): सूचना (पुन्हा पाठवत आहे): पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नये. वाहनातून पाणी अथवा कोणताही द्रव सांडू नये 🙏

प्रसाद बी-२०३: [फोटो] गेटबाहेर रफिकभाईंनी दाबाचं गेज लावून दिलं. इंजिन बंद, दोन्ही काटे ६० पीएसआयवर. मार्चवाल्याने ‘निळा ४० वर आला, झालं’ म्हणून थांबवलं होतं.

तेजश्री सी-३०१: सावलीत आज ३६ आहे. आत थोडं जरी द्रव असतं तर इंजिन बंद असताना दोन्ही काटे ११७ च्या आसपास दिसले असते. ६० म्हणजे द्रव संपलं, उरली नुसती वाफ. पण याचं उलट धरू नका. ११७ दिसलं म्हणजे गॅस पूर्ण, असं नाही. द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो. आत १५० ग्रॅम असो की ४५०, काटा तेच दाखवणार. काट्यावरून गॅस भरणं म्हणजे कुकरच्या शिट्टीवरून डाळ किती आहे ते ओळखणं.

वैशाली काकू बी-१०३: डाळ किती ते मी ओळखते शिट्टीवरून.

मंदार ए-४०२: 😂😂

रफिक सी-१०२: मॅडम बरोबर बोलल्या. गॅस वजनावर. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा, ४५० उतरला की बंद. होसमध्ये राहतो तो वेगळा धरायचा.

प्रसाद बी-२०३: मग गेज कशाला लावायचं?

तेजश्री सी-३०१: रोग ओळखायला. इंजिन १५०० आरपीएम, ब्लोअर फुल्ल, दारं उघडी. आजच्या हवेत निळा ३०-४० आणि लाल २००-२४० हवा. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त झालाय, फॅन बंद आहे, कंडेन्सर मातीने भरलाय किंवा व्हॅक्यूम न करता (पंपाने आतली हवा न ओढता) भरल्यामुळे आत हवा आहे. निळा जास्त, लाल कमी, मग कंप्रेसर थकलाय. आणि निळा शून्याच्याही खाली गेला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह चोंदलाय, किंवा आतली ओल तिथे गोठतेय. ओलीचं लक्षण म्हणजे वीस मिनिटं थंड, मग गरम, बंद करून थोड्या वेळाने लावलं की परत थंड.

जोशी सर ए-१०४: छान. पण गळती अजून कोणी शोधलेली नाही. प्रसाद, गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. काळा, ओलसर डाग शोध. कंप्रेसरच्या पुलीमागे, पाइपांच्या जोडांवर, पोर्टच्या टोपीखाली, आणि पुढच्या जाळीतून टॉर्च मारून कंडेन्सरचे खालचे दोन्ही कोपरे. मग साबणाचं पाणी.

प्रसाद बी-२०३: [फोटो] सर!! कंडेन्सर, उजवा खालचा कोपरा. बोट लावलं तर तेलकट. फिन्स काळ्या पडून चिकटल्यात, बाकी जाळी कोरडी धुळकट आहे. साबण लावला, बारीक फेस येतोय.

जोशी सर ए-१०४: शाब्बास. खालचा रबरी बुश बघ.

प्रसाद बी-२०३: बुशच नाही. कंडेन्सर सरळ पत्र्यावर टेकलाय.

रफिक सी-१०२: घासून घासून नळी फाटली. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळ्या असतात, वेल्डिंग टिकत नाही. कंडेन्सर नवा टाका, बुश दोन्ही नवे. सिस्टम उघडणार म्हणून ड्रायर (आतली ओल शोषतो तो) बदलायचा, जोडांचे ओ-रिंग १३४ए वाले, तेल लावून बसवायचे. कंप्रेसरचं पीएजी ४६ तेल, नव्या कंडेन्सरसाठी ३० मिली. कंप्रेसरच्या स्टिकरवर दुसरा नंबर असेल तर तो. तेलाचा डबा उघडा ठेवायचा नाही, हवेतली ओल ओढतं.

मंदार ए-४०२: टायरवाल्याकडून १५० पीएसआय हवा मारून टेस्ट करता येईल ना?

रफिक सी-१०२: नायट्रोजन. टायरवाल्याच्या हवेत पाणी असतं. अन् गॅस शिल्लक असलेल्या सिस्टममध्ये दाबाची हवा भरणं धोक्याचं.

तेजश्री सी-३०१: आणि रफिकभाई, उरलेला गॅस हवेत सोडू नका, मशीनमध्ये ओढा. एक किलो १३४ए म्हणजे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. मग व्हॅक्यूम ४५ मिनिटं, पंप बंद करून २० मिनिटं काटा बघायचा. हलला तर गॅस भरायचा नाही.

प्रसाद बी-२०३: काटा पाऱ्याच्या ३० इंचांपर्यंत जायला हवा ना?

तेजश्री सी-३०१: ते समुद्रसपाटीचं. पुण्यात हवेचाच दाब २८ इंचांच्या आसपास, म्हणून काटा २८ ला अडकला की पंप खराब म्हणू नका.

जोशी सर ए-१०४: हे मी सांगणारच होतो.

देशमुख (सेक्रेटरी): सूचना (तिसऱ्यांदा): वाहनातून पाणी अथवा कोणताही द्रव सांडू नये. डबके कोणाचे ते संबंधितांनी स्वतःहून सांगावे, अन्यथा सीसीटीव्ही पाहण्यात येईल 🙏

वैशाली काकू बी-१०३: [फोटो] मी खाली जाऊन आले. पाणी नाही ते. हिरवट आहे, बोटाला चिकट लागतं, गोडसर वास येतो. आणि प्रसादच्या गाडीखाली काही नाही, शेजारच्या पांढऱ्या मोठ्या गाडीखाली आहे.

तेजश्री सी-३०१: हिरवट, चिकट, गोड वास म्हणजे कूलंट. रेडिएटर, होस नाहीतर वॉटर पंप.

मंदार ए-४०२: बी-००१ च्या स्लॉटमध्ये पांढरी मोठी गाडी कोणाची बरं 🤔

देशमुख (सेक्रेटरी): हा मेसेज डिलीट करण्यात आला

रफिक सी-१०२: देशमुख साहेब, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. मी प्रसादभाऊंचं मंगळवारी घेतोय, तुमची बुधवारी आणा. कूलंट कुत्री-मांजरं चाटतात, विषारी असतं. तोवर खाली वाळू टाकायला सांगा वॉचमनला.

वैशाली काकू बी-१०३: वाळू माझ्या खिडकीखाली ठेवू नका.